नेट स्लो आहे? मोठा प्लॅन घेण्याआधी लॅनची वायर लावा

कोथरूडच्या एका काकूंनी १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचा) प्लॅन ३०० चा करून घेतला. मागच्या बेडरूममध्ये आधी १२ एमबीपीएस यायचे, नंतरही १२च आले. जास्तीचे पैसे दर महिन्याला जात राहिले आणि मुलीचा व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच अडकत राहिला. अशी घरं मी इतकी पाहिली आहेत की ‘स्लो वाटतंय ना, प्लॅन वाढवा’ असं कुणी सांगितलं की मला राग येतो. नेट कंपनीच्या वायरीतून घरात येतं एका वेगाने आणि राउटरपासून फोनपर्यंत हवेतून जातं दुसऱ्याच वेगाने. यातलं काय अडतंय ते कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

आधी वायर

राउटर बंद-चालू करून झालाच असेल. आता लॅपटॉप लॅनच्या वायरीने राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, बाकीचे फोन आणि टीव्ही नेटवरून काढा आणि स्पीड टेस्ट घ्या. सोफ्यावर बसून फोनवर घेतलेली टेस्ट इथे उपयोगाची नाही, तिच्यात लाइन आणि वायफाय दोन्ही मिसळलेले असतात. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर शेजाऱ्यांकडून मागून आणा, पण ही पायरी गाळू नका.

१०० च्या प्लॅनला वायरीवर ९० ते ९५ आले तर लाइन उत्तम आहे. कस्टमर केअरला फोन करायचं कारण उरलं नाही, थेट वायफायकडे वळा. प्लॅन २०० किंवा ३०० चा असून आकडा ९४ च्या आसपासच थांबत असेल, तर एक तर राउटरचं पोर्ट १०० चं आहे, नाहीतर वायरीतल्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे. १०० साठी चार तारा पुरतात, हजारासाठी आठही लागतात. दुसरी वायर लावून बघा. आणि फाइल उतरवताना सेकंदाला १२ चा आकडा दिसतो म्हणून कुणाशी भांडू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० चे साडेबारा होतात.

वायरीवरच वेग कमी असेल तर फायबरच्या डब्याकडे, म्हणजे कंपनीची फायबरची वायर ज्याला लागते त्याकडे बघा. ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर प्रकाश पोचतच नाही, तक्रार नोंदवा. दिवा ठीक असेल तर फायबरची बारीक वायर कपाटामागे चेपलेली किंवा काटकोनात दुमडलेली नाही ना, ते तपासा. फायबर दुमडली की त्या वळणावर प्रकाश गळतो. तिचं टोक काढून डोळ्यांसमोर मात्र कधीही धरू नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. डब्याच्या सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसत असेल तर तो आकडा लिहून ठेवा. उणे २७ डीबीएमच्याही खाली (म्हणजे उणे २८, २९) गेला असेल, तर तक्रारीत तोच सांगा. फक्त रात्री नऊ ते अकरात वेग पडत असेल तर तीन दिवस वेळेसकट वायरीवरचे आकडे लिहा आणि मग फोन करा. महिनाअखेरीलाच पडत असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपली आहे का, ते ॲपमध्ये बघा.

राउटरची जागा

टीव्हीच्या मागे नको, लोखंडी कपाटावर नको, फिशटँकशेजारी नको. घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. सोसायटीत वायफायची पंचवीस-तीस नावं दिसत असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच एक निवडा आणि विड्थ, म्हणजे चॅनलची रुंदी, २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर शेजाऱ्यांचा त्रास वाढतो आणि आपलाही. राउटरच्याच खोलीत बसून काम करणाऱ्यांनी वायफायचा दुसरा पट्टा, ५ गिगाहर्ट्झ, वापरावा. मायक्रोवेव्ह चालू असताना नेट अडकत असेल तरीही तेच, कारण मायक्रोवेव्ह २.४ च्याच पट्ट्यात चालतो.

बऱ्याच फ्लॅटचं काम इथे संपतं.

मागच्या खोलीसाठी दुसरा राउटर

वाड्यांचं आणि लांबट फ्लॅटचं काम इथे संपत नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात हातभर जाडीच्या भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ पोचतच नव्हतं. अशा वेळी लोक भिंतीत खोचायचा रिपीटर आणतात. माझं स्पष्ट मत आहे: आणू नका. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवरून ऐकतो आणि त्याच रेडिओवरून बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय तो लावतात जिथे रेंज नाही तिथेच, म्हणजे त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नसतं. फोनवर कांड्या मात्र पूर्ण दिसतात आणि माणूस फसतो.

त्यापेक्षा माळ्यावर पडलेला जुना राउटर काढा आणि पहिल्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढा. बाहेरून केसिंग पट्टीतून नेली तरी चालते. मागच्या खोलीत तो राउटर फक्त वायफाय देण्याचं काम करेल. जुन्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, राउटरच्या कंपनीने सांगितलेल्या पोर्टात वायर लावा आणि पुढचे चार परिच्छेद सोडून द्या.

तो मोड नसेल तर नीट वाचा, कारण माझे दोन रविवार यातच गेले. पहिल्यांदा मी वायर ओढली, जुना राउटर तसाच जोडला आणि नेट चालूही झालं. संध्याकाळी बाबांचा फोन ‘कनेक्टेड’ दाखवत होता, पण काही उघडेना. तो नीट केला तर टीव्ही गेला. टीव्ही आला तर माझा लॅपटॉप गेला. मी कंपनीला तीनदा फोन केला, त्यांचा माणूस भर पावसात येऊन लाइन ठीक असल्याचं सांगून गेला, तरी मला पटलं नाही. चूक माझ्याच घरात होती. घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, दोन्ही राउटर करत होते. ज्याला जुन्या राउटरकडून पत्ता मिळे, तो बाहेर जायचा रस्ताही त्यालाच विचारी, आणि जुन्याकडे बाहेरचा रस्ता नव्हताच.

म्हणून क्रम चुकवू नका. जुना राउटर अजून घराच्या नेटला जोडायचा नाही. मागच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा आणि रीसेट करा. लॅपटॉप वायरीने त्याच्या लॅन पोर्टला जोडा आणि खालच्या स्टिकरवरचा पत्ता टाकून आत शिरा. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार पहिल्या राउटरसारखाच द्या, चॅनल मात्र वेगळा: पहिला १ वर असेल तर याला ६ किंवा ११.

मग त्याचा स्वतःचा आयपी पत्ता बदला. पहिला राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२५० द्या. पहिल्या राउटरची पत्ते वाटण्याची हद्द आधी बघा. ती २५४ पर्यंत असेल तर २०० वर आणा, नाहीतर हाच २५० उद्या एखाद्या फोनला दिला जाईल. पत्ता बदलला की जुना राउटर रीस्टार्ट होईल. आता नव्या पत्त्यावरून आत शिरा आणि डीएचसीपी बंद करा. हे सगळ्यात शेवटी करायचं. आधी केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही, आत जाता येणार नाही आणि पुन्हा रीसेटपासून सुरुवात करावी लागेल.

आता ओढलेली वायर जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात लावा. वेगळ्या रंगाचं वॅनचं (बाहेरची लाइन लावायचं) पोर्ट रिकामंच राहू द्या. हात आपोआप त्या पोर्टाकडे जातो, म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावतो.

मागच्या खोलीत फोन जोडून वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, बघा. तिथे पहिल्या राउटरचा, म्हणजे १९२.१६८.१.१ हा पत्ता दिसला पाहिजे. जुन्याचा दिसत असेल तर डीएचसीपी अजून चालू आहे. ही एवढी तपासणी मला तेव्हा माहीत असती तर त्या माणसाला पावसात यावं लागलं नसतं.

मग व्हिडिओ कॉल चालू ठेवून हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत चाला. मध्ये क्षणभर चित्र थांबेल, तेवढं चालतं. फोन मागच्या खोलीतही हॉलच्याच राउटरला चिकटून राहत असेल तर हॉलच्या राउटरची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल पाठवायचा जोर, ‘मीडियम’ करा.

गुरुवारी लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर फायबरचा डबा आणि दोन्ही राउटर मिनी यूपीएसवर घ्या. अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना आणि किती ॲम्पिअर लागतात, हे बघूनच विकत घ्या.