ट्रकचा एअर फिल्टर बदलायची वेळ कशी ठरवायची

फिल्टर काढायचा, मातकट दिसला की बाहेरच्या बाहेर हवा मारायची आणि परत बसवायचा, ही बऱ्याच गॅरेजांची रीत आहे. ती इंजिनाच्या मुळावर येते. डिझेल ट्रकच्या कागदी फिल्टरचा रंग बघून काहीच ठरवता येत नाही. कागदावर धुळीचा थोडा थर बसला की तो कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ अडवतो. फिल्टर बदलायचा तो इंजिनाला हवा ओढणं जड जायला लागलं म्हणून, आणि ही ओढ मोजता येते.

फिल्टरच्या हाऊसिंगवर (डब्यावर) किंवा तिथून टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे) जाणाऱ्या पाइपवर बोटाएवढा पारदर्शक इंडिकेटर असतो. ओढ वाढली की त्यात लाल पट्टी दिसते. काही गाड्यांत त्याऐवजी स्विच असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ओढ पाण्याच्या इंचांत मोजतात, म्हणजे ती नळीतलं पाणी किती इंच वर खेचेल यात. बऱ्याच टर्बो डिझेल इंजिनांना 25 इंच, म्हणजे सुमारे 635 मिलिमीटर, ही कमाल मर्यादा असते. काहींना ती कमी असते, म्हणून आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा.

हे रीडिंग गाडी उभी करून, आयडलिंगवर घेण्यात अर्थ नाही. तेव्हा इंजिन हवा थोडीच घेतं, त्यामुळे चोंदलेला फिल्टरही ठणठणीत दिसतो. खरं रीडिंग भरलेली गाडी बोरघाटासारखा चढ पूर्ण ताकदीनं चढताना मिळतं. साध्या इंडिकेटरची पट्टी सर्वांत जास्त ओढीच्या जागी अडकून राहते, म्हणून चढ संपल्यावर गाडी थांबवून बघितलं तरी चालतं.

आकड्यांचा गेज असेल तर नवा फिल्टर टाकल्यावर पहिलं रीडिंग लिहून ठेवा. ते 10 इंच आलं आणि मर्यादा 25 असेल, तर 15 झाल्यावर घाई करू नका. ओढ आधी बरेच दिवस संथ वाढते आणि शेवटी झपाट्यानं चढते. 20 दिसलं की नवा फिल्टर आणून ठेवा, 25 ला बदला.

किलोमीटरवर विसंबू नका. एकाच मॉडेलची एक गाडी हायवेवर कंटेनर ओढते आणि दुसरी खडी क्रशरवर हायवा (टिपर) म्हणून फिरते. दोघींचा हिशेब एक कसा असेल? मात्र कागद आणि रबर जुनं होतं, म्हणून मॅन्युअलमधली मुदतीची मर्यादा पाळा. पावसात कागद ओला होऊन लाल पट्टी आली, तर फिल्टर सुकल्यावर इंडिकेटर रिसेट करून पुन्हा बघा.

धुळीत महिनोन्महिने चालूनही पट्टी हलत नसेल तर खूश होऊ नका. फिल्टर फाटलाय, सील बसलेलं नाही, होजची क्लॅम्प ढिली आहे किंवा इंडिकेटरच मेलाय. इंडिकेटर काढून त्याच्या भोकाला स्वच्छ नळी लावून तोंडानं हळूच हवा ओढा. पट्टी सरकली पाहिजे. त्याचं बारीक भोकही चोंदलेलं नाही ना, बघा. मग फिल्टरकडून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं कापड फिरवा. धूळ लागली तर ती थेट टर्बो, लायनर आणि रिंगांपर्यंत पोचतेय. अशा इंजिनाच्या ऑइलच्या तपासणीत धुळीतलं सिलिकॉन वाढलेलं दिसतं.

काळा धूर, पिकअप जाणं, अ‍ॅव्हरेज घटणं यांवरून थेट फिल्टरला दोष देऊ नका. इंटरकूलरचा होज फुटला किंवा इंजेक्टर बिघडला तरी हेच होतं. आधी इंडिकेटर बघा.

उगाच उघडून बघणं सर्वांत महाग पडतं, कारण दर वेळी थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडते. बदलायचाच असेल तेव्हा इंजिन बंद करा, हाऊसिंग बाहेरून पुसा आणि मगच क्लिपा सोडा. बाहेरचा मोठा फिल्टर हळू फिरवत बाहेर ओढा, आपटू नका. हाऊसिंग आतून ओल्या फडक्यानं पुसा, तिथे हवेची नळी लावू नका. सील जिथे बसतं तो कठडा नीट चाचपा. नवा फिल्टर कडेला हातानं दाबून पूर्ण आत बसवा. झाकणाच्या जोरावर ढकलला तर सील वाकडं बसतं. झाकणाची धूळ पडायची रबरी चोच खाली यायला हवी. ती फाटली किंवा चिकटली असेल तर धूळ आतच साठते आणि फिल्टर लवकर चोंदतो.

आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीही साफ करू नका. साधारणपणे मोठा तीनदा बदलला की तो एकदा बदलतात. मोठा फिल्टर खराब निघाला तर सेफ्टी फिल्टरही लगेच बदला, आणि सेफ्टी फिल्टरशिवाय गाडी चालवू नका.

मोठ्याला हवा मारायला कंपनीची परवानगी असेलच, तर मॅन्युअलमधल्या दाबापुढे जाऊ नका. आकडा दिलेला नसेल तर 2 बारच्या वर नको. हवा आतून बाहेर मारा. मग अंधारात आत बल्ब धरून फिरवा. टाचणीएवढा प्रकाश दिसला तरी तो फिल्टर भंगारात. साफ केलेला फिल्टर नव्याइतकी धूळ कधीच धरत नाही.

शेवटी इंडिकेटरचं बटण दाबून रिसेट करा आणि तारीख व किलोमीटर मार्करनं फिल्टरच्या टोपीवर लिहा.