दुःखात असताना ईस्टर आला तर काय करायचं, माझ्या अनुभवातून

माझा भाऊ गेला त्या वर्षी ईस्टर, म्हणजे येशू मेलेल्यातून उठला तो सण, तीनच आठवड्यांवर आला होता. चर्चमधे सगळे "प्रभू उठला आहे" म्हणतायत, एकमेकांना मिठ्या मारतायत आणि मी मागच्या बाकावर नुसती बसून, "खरोखर उठला आहे" एवढं उत्तर द्यायचं असतं पण तेही तोंडातून फुटेना. घरी आल्यावर वाटलं की आपला विश्वासच संपला. तसं काही नव्हतं, पण हे मला कोणी सांगितलं नाही म्हणून तुमच्यासाठी लिहून ठेवतेय. कोणी गेलंय, नोकरी गेलीय, आजारपण आहे, घर मोडलंय, काहीही असो, ईस्टरला आनंदी चेहरा घेऊन जायची अट कुठेच नाहीये.

सगळ्यात आधी शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली, पुनरुत्थानाची गोष्ट परत वाचा, हळूहळू, रोज एकच प्रसंग. आपल्याला वाटतं की ती पहाट म्हणजे नुसता जल्लोष, पण वाचायला घेतलं की कळतं तिथे सुरुवातीला आनंदात कोणीच नव्हतं. मार्कच्या 16व्या अध्यायात बायका सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्यात ते मेलेल्या माणसासाठी, आणि वाटेत त्यांना काळजी एकच की कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटणार. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमधे तर मार्क आठव्या वचनालाच थांबतो, त्या थरथरत पळून गेल्या, भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत, संपलं. योहानाच्या 20व्या अध्यायात येशूची अनुयायी मग्दालीया मरीया कबरेबाहेर रडत उभी आहे, समोर येशू आहे तरी तिला तो माळी वाटतो, तिचं नाव घेऊन हाक मारतो तेव्हा कुठे ओळख पटते. शिष्य तर त्याच संध्याकाळी दारं बंद करून बसलेत.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते लूकच्या 24व्या अध्यायातल्या अम्माऊस नावाच्या गावाच्या वाटेने. यरुशलेमपासून साधारण 11 किलोमीटर, येशूचे दोघं अनुयायी यरुशलेम सोडून तिकडे चाललेत आणि बरोबर चालणाऱ्या अनोळखी माणसाला सांगतायत की आम्हाला आशा होती. होती! येशू त्यांना लगेच मी आहे म्हणून सांगत नाही, आधी विचारतो काय झालं, आणि आपलीच गोष्ट त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकून घेतो. मग त्यांना समजावतो, त्यांच्या मंदपणाबद्दल थोडं रागावतो पण. हा एकच प्रसंग मी चार दिवस वाचला होता. तुम्हाला जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा, घाई नको.

प्रार्थना होत नसेल तर बायबलमधली स्तोत्रं वापरा, दुसऱ्याचे शब्द उसने घ्यायला काही हरकत नाही. स्तोत्र 13, स्तोत्र 22, स्तोत्र 88. बावीसावं तर येशूने वधस्तंभावर उच्चारलं, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास. आणि अठ्ठ्याऐंशीवं असं आहे की शेवटपर्यंत उजेड येतच नाही, अंधारातच संपतं, तरी ते बायबलमधे आहे, कोणी काढून टाकलं नाही. मोठ्याने वाचा. देवावर राग आला तर तोही त्यालाच सांगा.

आता पवित्र सप्ताहाबद्दल, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याबद्दल. सगळ्या विधींना जायचा हट्ट धरू नका, ताकद नसते अशा वेळी, त्यातला एक निवडा. पाम संडेची, म्हणजे त्या आठवड्याच्या पहिल्या रविवारची गर्दी मला तरी झेपली नसती. गुड फ्रायडेला, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिलं त्या दिवशी, मात्र रडलं तर कोणी वळून बघत नाही, तो दिवसच रडण्यासाठी आहे. आणि शनिवार, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, तो मला दुःखी माणसाचा दिवस वाटतो, म्हणजे काल सगळं संपलंय आणि उद्या काय होणार ते माहीतच नाही. त्या दिवशी काही करायची गरज नाही, शांत बसा. तुमच्या चर्चमधे शनिवारी रात्री ईस्टरचा जागरण विधी होत असेल तर शक्य असेल तर तोच निवडा असं मी सांगेन. अंधारात सुरू होतो, बाहेर अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून एकेकाची छोटी मेणबत्ती पेटत जाते. त्या मोठ्या मेणबत्तीवर चालू वर्षाचे आकडे असतात. ते आकडे नीट बघा. ज्या वर्षाने तुमचं सगळं हिरावून नेलं तेच वर्ष तिथे क्रूसाच्या भोवती लिहिलेलं असतं.

माणसं कशी शोधायची हा अवघड भाग. "काही लागलं तर सांग" असं सगळे म्हणतात आणि आपण काही सांगत नाही, म्हणून मागणी छोटी आणि नेमकी ठेवा. मी पाळकांना मेसेज केला होता, साधारण असा की मी रविवारी येतेय, मला बोलता येणार नाही कदाचित, कोणी माझ्या शेजारी बसेल का. बस एवढंच. त्यांनी एका मावशींना सांगितलं आणि त्या बसल्या, काही न विचारता. कडेच्या बाकावर बसा म्हणजे मधेच उठता येतं, नंतर भेटीगाठींना थांबायचं नसेल तर शेवटच्या गीताला निघा. चर्च नवीन असेल तर मोठ्या उपासनेपेक्षा घरगुती प्रार्थनागट सोपा पडतो, तिथे दुसऱ्या भेटीतच नाव लक्षात ठेवतात. आणि बाहेर पडणं शक्यच नसेल तर फोनवर एकाच माणसाबरोबर एक अध्याय वाचा, दोघं किंवा तिघं जमले तरी मी तिथे आहे असं मत्तय 18:20 मधे येशूनेच म्हटलंय. 12 एप्रिल 2020 चा ईस्टर आठवा, किती देशांत चर्चची दारं बंद होती आणि लोकांनी घरातूनच तो पाळला.

एक मात्र स्पष्ट सांगते. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून असं झालं, असं कोणी म्हणालं किंवा औषधं बंद कर आणि फक्त प्रार्थना कर म्हणालं तर तिथून निघून या, दुसरी मंडळी शोधा. जगूच नये असं वाटत असेल तर आजच डॉक्टरांशी किंवा हेल्पलाइनवर बोला आणि घरातल्या कोणालातरी जवळ बसवून घ्या, प्रार्थना त्याच्या बरोबरीने चालू राहू दे.

आशा म्हणजे मूड चांगला होणं असं मी आधी समजायचे. डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने 8 एप्रिल 1945 ला, ईस्टरनंतरच्या रविवारी, नाझींच्या कैदेत सोबतच्या कैद्यांसाठी उपासना घेतली, त्या दिवसाचं वचन 1 पेत्र 1:3 होतं, पुनरुत्थानामुळे मिळणाऱ्या जिवंत आशेचं. दुसऱ्या दिवशी त्यांना फाशी दिली. म्हणजे परिस्थिती सुधारेल या भरवशावर ती उपासना झाली नव्हती. मला हे कळायला वेळ लागला.

आणि रविवार चुकला तर? चुकू दे. ईस्टर एका दिवसाचा नाहीये, पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत, 50 दिवस चालतो. येशूचा शिष्य थोमा पण पहिल्या रविवारी तिथे नव्हताच, बाकीच्यांनी सांगितलं तरी त्याला पटलं नाही, तरीही आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता, कोणी त्याला आधी विश्वास ठेव मग ये असं म्हटलं नाही. कॅलेंडरवर ते सात आठवडे मार्क करून ठेवा आणि दर आठवड्याला एकच गोष्ट ठरवा, एक उपासना किंवा एक फोन किंवा एक स्तोत्र.

माझ्या तोंडून "खरोखर उठला आहे" निघालं ते त्या वर्षी पाचव्या रविवारी, अगदी हळू, शेजारच्या मावशींच्या मागोमाग.