क्लोजर कसा निवडावा: एडविन डियाझचे आकडे समोर ठेवून

माझा धाकटा दीर यंदा आमच्या बारा जणांच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बनवून त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मोजायचा खेळ) पहिल्यांदाच येतोय. त्याचा पहिला प्रश्न होता, "वहिनी, गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त सेव्ह कुणाचे?" रिलीव्हर, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरनंतर (पिचर म्हणजे बेसबॉलचा बोलर) येणारा पिचर, निवडायला बसलेला प्रत्येक नवा माणूस हेच विचारतो, आणि मला वाटतं हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा असतो. आधी काय बघायचं ते एकाच पिचरच्या आधाराने सांगते. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते, ७ नंबरच्या ट्रेनने मेट्स संघाच्या सिटी फील्ड मैदानावर जाते, आणि एडविन डियाझ हा क्लोजर मेट्सकडे होता तेवढी सगळी वर्षं त्याची नववी, म्हणजे शेवटची, इनिंग मी जीव मुठीत धरून पाहिली आहे.

सेव्ह कशाला म्हणतात ते आधी नीट समजून घ्या. आपला संघ तीन किंवा त्याहून कमी धावांनी पुढे असताना पिचर आला, निदान एक इनिंग टाकली आणि आघाडी टिकवून सामना संपवला, की सेव्ह मिळतो. (नियमाला आणखी दोन वाटा आहेत, पण बहुतेक सेव्ह याच वाटेने येतात.) टी-ट्वेंटीत शेवटच्या षटकांसाठी राखून ठेवलेला बोलर असतो, तसा हा क्लोजर. मात्र संघ चार धावांनी पुढे असला, तर त्याने नवव्या इनिंगला येऊन तिघांनाही स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं तरी सेव्ह मिळत नाही. म्हणजे सेव्हची संधी येणार की नाही, हे त्याच्या हातात नाही. ते त्याच्या संघाच्या बॅटिंगवर आणि मॅनेजरवर ठरतं.

२०१८ मध्ये डियाझ सिॲटल मरिनर्सकडे होता. त्या वर्षी त्याचे ५७ सेव्ह झाले. एका हंगामात त्याहून जास्त सेव्ह फक्त फ्रान्सिस्को रॉड्रिगेझने केलेत, २००८ मध्ये ६२. डियाझ तेव्हा अफाट खेळला यात वाद नाही, पण त्या संघाकडेही बघा. सिॲटलने ८९ सामने जिंकले, तरी पूर्ण हंगामात केलेल्या धावांपेक्षा दिलेल्या धावा जास्त होत्या. जिंकले ते निसटते, हरले ते मोठ्या फरकाने. क्लोजरला याहून सोयीचा संघ मिळणं अवघड, आणि असं वर्ष ठरवून पुन्हा येत नाही.

म्हणून मी सगळ्यांत आधी एक वजाबाकी करते. पिचरने एकूण जेवढ्या बॅटर्सना तोंड दिलं, त्यांतले शेकडा किती स्ट्राइकआउट झाले ते बघायचं आणि त्यातून शेकडा किती जणांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) दिला ते वजा करायचं. उत्तर २० च्या वर असेल तर पुढे वाचायचं. २५ च्या वर असेल तर त्या नावाखाली रेघ ओढायची. ३० च्या वर फार थोडे जातात. डियाझचा हा आकडा २०१८ मध्ये ३८ होता. २०२२ मध्ये त्याने २३५ बॅटर्सपैकी ११८ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि १८ जणांना वॉक दिला. निम्म्याहून अधिक लोक बॅटला चेंडू नीट न लागताच परत गेले! वजाबाकी ४२ च्या वर.

ही वजाबाकी किती कामाची आहे हे २०१९ ने दाखवलं. डियाझ मेट्सकडे आला आणि त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) १.९६ वरून ५.५९ वर गेला. ५८ इनिंगमध्ये १५ होमरन (बेसबॉलचे षटकार) दिले. आदल्या वर्षी ७३ इनिंगमध्ये फक्त ५ होते. सिटी फील्डवर लोक त्याची हुर्यो उडवत होते आणि फँटसीवाले त्याला मिळेल त्या किमतीला विकत होते. पण त्याच ५८ इनिंगमध्ये त्याचे ९९ स्ट्राइकआउट होते, म्हणजे दर नऊ इनिंगला पंधराहून जास्त, आदल्या वर्षीइतकेच. वजाबाकी ३० च्या आसपास. हात बिघडलेल्या पिचरचे आकडे असे दिसत नाहीत. त्या वर्षी सगळ्या मेजर लीगमध्येच ६,७७६ होमरनचा विक्रम झाला होता. एका रिलीव्हरच्या साठ-सत्तर इनिंगमध्ये पाच-सात उंच चेंडू कुंपणापलीकडे पडले की ईआरए बघवत नाही. पुढे २०२१ मध्ये त्याने तीन होमरन दिले, २०२२ मध्येही तीनच.

उलट उदाहरण त्याच्याच घरात आहे. धाकटा भाऊ ॲलेक्सिस डियाझ सिनसिनाटी रेड्सचा क्लोजर होता. २०२३ मध्ये त्याचे ३७ सेव्ह झाले, त्यामुळे पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे फँटसीवाले खेळाडू निवडतात तेव्हा, भाव चढला. पण ६७ इनिंगमध्ये ३६ वॉक होते आणि वजाबाकी १८ च्याही खाली. २०२४ मध्ये ईआरए चारजवळ गेला. २०२५ च्या मे महिन्यात रेड्सने त्याला खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्ये पाठवलं आणि त्याच महिन्यात लॉस एंजेलिस डॉजर्सना देऊन टाकलं. सेव्हचा रकाना बघणाऱ्याला यातलं काहीच आधी दिसलं नसतं.

आता मोल. आमची लीग रोटो पद्धतीची आहे, म्हणजे प्रत्येक रकान्यात संघांचा क्रम लावून गुण मिळतात. पिचरांचे पाच रकाने: विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट, ईआरए, व्हिप (दर इनिंगमागे दिलेले वॉक आणि हिट). रिलीव्हर इनिंग कमी टाकतो म्हणून त्याचा ईआरए बिनमहत्त्वाचा, असं लोक म्हणतात. हिशोब करून बघा. तुमच्या बाकी पिचरांनी १,१४० इनिंग ३.९० च्या ईआरएने टाकल्या आणि त्यात २०२२ च्या डियाझच्या ६२ इनिंग १.३१ ने मिळवल्या, तर संघाचा ईआरए ३.७७ होतो. आमच्या लीगमध्ये मधल्या संघांत याहून कमी अंतर असतं. वर ११८ स्ट्राइकआउट, जे मिळवायला ठीकठाक स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) जवळजवळ दुप्पट इनिंग लागतात. सेव्ह ३२ च होते, तरी माझ्या मते फँटसीत ते वर्ष ५७ सेव्हवाल्या वर्षाच्या फार मागे नव्हतं.

तरीही मी आमच्या ऑक्शनमध्ये, जिथे प्रत्येकाला सगळे खेळाडू २६० डॉलरमध्ये घ्यायचे असतात, दोन क्लोजरवर मिळून ३५ च्या वर जात नाही. कारण १५ मार्च २०२३. मायामीत वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्टो रिकोने डॉमिनिकन रिपब्लिकला हरवलं, मैदानावर जल्लोष सुरू झाला आणि त्यात डियाझच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. पूर्ण हंगाम गेला. मेट्सचे सेव्ह आधी डेव्हिड रॉबर्टसनकडे गेले, जुलैअखेर मेट्सने त्याला दुसऱ्या संघाला दिल्यावर ॲडम ओटाव्हिनोकडे. म्हणून दर संघाचा आठव्या इनिंगचा पिचर कोण आहे, त्याची वजाबाकी किती, हे कागदावर लिहून ठेवा. क्लोजर पडला की त्या रात्रीच त्या आठव्या इनिंगवाल्याला उचलायचं. सकाळपर्यंत तो कुणाच्या तरी संघात गेलेला असतो.

यंदा डियाझ डॉजर्सकडे आहे, तीन वर्षांसाठी ६.९ कोटी डॉलर. २०२५ मध्ये त्याचा ईआरए १.६३, सेव्ह २८, स्ट्राइकआउट ९८, वजाबाकी पुन्हा ३० च्या जवळ. फास्टबॉल मात्र २०२२ मध्ये ताशी ९९ मैलांच्या आसपास होता, तो आता ९७ च्या आसपास आहे, आणि वय ३२. त्याचा स्लायडर (ऐनवेळी बाजूला वळणारा चेंडू) इतका चांगला आहे की मला अजून भीती वाटत नाही. तरी एप्रिलमध्ये वेग ९६ च्या खाली दिसला तर मी त्याला देऊन टाकण्यासाठी सौदा शोधायला लागेन. डॉजर्स भरपूर जिंकतात म्हणून ४५ सेव्ह गृहीत धरू नका. ते मोठ्या फरकानेही जिंकतात, आणि तेव्हा क्लोजर बसून असतो. माझी बोली २० पर्यंत.

माझी खरी नजर त्याच्या जागी मेट्सकडे आलेल्या डेव्हिन विल्यम्सवर आहे. २०२५ मध्ये यँकीजकडे त्याचा ईआरए ४.७९ होता, एप्रिलमध्येच क्लोजरची जागा गेली, आणि लोकांनी त्याचं नाव टाकलं. पण ६२ इनिंगमध्ये ९० स्ट्राइकआउट, २५ वॉक, वजाबाकी २५. हे २०१९ च्या डियाझसारखंच दिसतंय. १२ डॉलरपर्यंत मिळाला तर घ्या. दिराला मात्र हे नाव मी ड्राफ्ट झाल्यावरच सांगणार आहे.