पाळी गेल्यावरची खाज आणि मेडिकलमधली ट्यूब: या चुका टाळा

पाळी जाऊन पाच-सात वर्षं झालेली बाई योनीभोवतीच्या खाजेसाठी दवाखान्यात येते, तेव्हा पिशवीत तीन-चार अर्धवट पिळलेल्या ट्यूब असतातच. तोवर नीट तपासलेलं कुणीच नसतं.

न बघता 'फंगल' ठरवणं ही सगळ्यात महाग चूक. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की तिथे कॅन्डिडा ही बुरशी सहसा फारशी टिकत नाही. मधुमेह, डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या किंवा इस्ट्रोजेन क्रीम चालू असेल, तर गोष्ट वेगळी. तरी काउंटरवरून मिळते ती स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब. स्टिरॉइडमुळे चार दिवसांत खाज थांबते, ट्यूब कपाटात जाते, पंधरवड्यात खाज परत. यात दोन वर्षं सहज जातात. मूळ आजार लायकेन स्क्लेरोसस (त्वचा पांढरी, पातळ करणारा जुनाट आजार) असेल तर तेवढ्यात आतले ओठ सपाट होतात, क्लिटोरिसवरची त्वचा चिकटते, योनीचं तोंड आवळतं. गेलेला आकार मलमाने परत येत नाही. म्हणून आधी आरसा घ्या. चुरगळलेल्या पातळ कागदासारखी पांढरी त्वचा, कधी गुदद्वाराभोवतीही, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसली तर थेट डॉक्टर गाठा.

दुसरी चूक, लायकेनचं निदान होऊन डॉक्टरांनी मलम दिलं, तरी खाज थांबली की ते बंद. नेहमीचा क्रम असा: क्लोबेटासोल (तीव्र स्टिरॉइड) ०.०५ टक्के ऑइंटमेंट ४ आठवडे रोज रात्री, ४ आठवडे एकाआड एक रात्र, ४ आठवडे आठवड्यातून दोनदा. एका वेळी बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरते. महिन्यात संपली तर जास्त लावताय. सहा महिने उरली तर लावतच नाही. पुढेही बहुतेकींना आठवड्यातून एक-दोनदा लावावं लागतं. 'नाजूक जागी लावू नये' हे ट्यूबवर वाचून घाबरू नका, डॉक्टरांनी निदान करून दिलंय. उपचार सोडण्यातच धोका जास्त: या आजारात कर्करोगाचं प्रमाण ५ टक्क्यांखाली असलं, तरी नियमित मलमाने ते आणखी घटतं.

डेटॉल, तुरटी, इंटिमेट वॉश: बंद. साधं कोमट पाणी, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर.

इस्ट्रोजेन क्रीम कोरडेपणासाठी. लायकेनवर त्याचा उपयोग नाही.

लघवी गळते म्हणून पाळीचे पॅड नकोत, लघवीसाठीचे वेगळे मिळतात.

न भरणारी जखम, गाठ किंवा जाड झालेला पट्टा असेल तर बायोप्सी टाळू नका. जागा बधिर करून काही मिलीमीटरचाच तुकडा घेतात. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हे खोटं आहे.