थंडीत कोळंबीचं रक्त कसं तपासाल?

डहाणू-पालघरच्या खाडीकाठी उत्तरेचा वारा सुटला की कोळंबी पाळायच्या तळ्याचं पाणी रातोरात गार पडतं. तळ्यात वाढवतात ती वेनामी जातीची कोळंबी मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, तिला 28 ते 32 अंश मानवतात. पाणी 22 च्या खाली गेलं की तिचं खाणं मंदावतं, ते चेक ट्रेवर, म्हणजे खाद्य किती खाल्लं ते बघायला पाण्यात सोडलेल्या ताटावर, लगेच कळतं. रक्तातली पडझड मात्र वरून दिसत नाही, आणि मला धास्ती तिचीच वाटते.

कोळंबीच्या अंगात आपल्यासारख्या अँटिबॉडी तयार होत नाहीत. तिची सगळी भिस्त रक्तपेशींवर. गारठ्याच्या ताणात या पेशींचा डीएनए तुटतो, त्या मरतात, संख्या घटते. अशा वेळी तळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू असेल तर त्याला रान मोकळं.

तपासणीसाठी पाच-सहा कोळंब्या घ्या. नुसत्या चेक ट्रेवरच्या नकोत, तिथे खाणाऱ्या, धडधाकटच येतात; एक-दोन काठाला रेंगाळणाऱ्याही हव्यात. नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी वगळा, तिचे आकडे फसवतात. कोळंबी उताणी धरा, पोटाच्या पहिल्या कड्याच्या मुळाशी इन्शुलिनची बारीक सुई हलकेच घाला आणि थेंबभर रक्त ओढा. ते लाल नसतं, फिकट निळसर असतं. कोरड्या काचपट्टीवर थेंब टाकून सुईच्या टोकाने हलवत राहा. निरोगी कोळंबीचं रक्त बघता बघता गोठतं, सुईला तार येते. दोन-तीन मिनिटांनीही पाण्यासारखंच राहिलं तर कोळंबी अडचणीत आहे असं धरून चाला. पेशी मोजायच्या असतील तर सिरिंजमध्ये आधी रक्त न गोठू देणारं द्रावण भरा आणि प्रयोगशाळेत द्या. आलेला आकडा आपल्याच तळ्याच्या थंडीआधीच्या आकड्याशी ताडून बघा, शेजाऱ्याच्या नव्हे.

पाण्याची खोली दीड मीटर ठेवा. थर्मामीटर तळाशी सोडा, पहाटे आणि दुपारी तीनला नोंद करा. चेक ट्रे बघूनच खाद्य कमी करा, उरलेलं कुजून अमोनिया वाढतो. खाडीचं पाणी रात्री घेऊ नका, दुपारी घ्या. वीज वाचवायला एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद करू नका. पहाटे पाग (फेकायचं जाळं) मारणं तर कटाक्षाने टाळा.

ऊन पडून पाणी तापलं की खाद्य एकदम वाढवायचा मोह होतो. पेशी इतक्या लवकर भरून येत नाहीत. आठवडाभर खाद्य हळूहळू चढवा, रक्त पुन्हा झटपट गोठू लागलं की मगच विरळणीला, म्हणजे थोडी कोळंबी काढून दाटी कमी करायला, जाळं टाका.