मस्कतचा पगार आणि होटगी रोडचं भाडं

मस्कतला जाऊन दोन वर्षं झाली तरी पगार सोलापूरच्या जुन्या बचत खात्यातच पाठवत होतो. गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत आलो, नवी पेठेतल्या बँकेत पासबुक भरायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "तुम्ही बाहेर असता ना? मग हे खातं साधं कसं?" फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं चालवता येत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

मग जुनं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं, करून घेतलं आणि पगारासाठी नवं एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीचं खातं, उघडलं. पासपोर्ट, ओमानचं रेसिडेंट कार्ड, तिकडच्या पत्त्याचा पुरावा. झेरॉक्ससाठी तीनदा जिना उतरलो.

होटगी रोडच्या फ्लॅटचं भाडं एनआरओत येतं. त्यातल्या व्याजावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे हातात येण्याआधीच कापला जाणारा कर, आणि वर सेस (उपकर) कापला जातो, म्हणून तिथं घरखर्चापुरतेच पैसे ठेवतो. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, आणि पैसे परत बाहेर न्यायला आडकाठी नाही. आईला पैसे काढता यावेत म्हणून तिच्या नावे अधिकारपत्र दिलं.

खरा घोळ ओटीपीचा. भारतातलं सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडलेलं! शेवटी परत जाण्याच्या आदल्या दिवशी ओमानचा नंबर खात्याला जोडून घेतला, आणि काउंटरसमोरच शंभर रुपये आईला पाठवून बघितले.