शिकाऊ घोडा स्पर्धेत उतरवताना या चुका टाळा

माझा पाच वर्षांचा घोडा पहिल्यांदा कोल्हापूरबाहेर स्पर्धेला नेला, तेव्हा घरच्या मैदानावर तो वीस मीटरचं वर्तुळ अगदी बिनचूक काढायचा. तिथं ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या हालचाली नेमकेपणानं करून दाखवायच्या प्रकाराच्या, रिंगणात शिरला, समोर पंचांची छत्री आणि टेबल दिसलं आणि जागीच खिळला. मी टाच मारली, चाबूक लावला, कशीबशी टेस्ट, म्हणजे त्या हालचालींचा ठरलेला क्रम, पूर्ण केली. बाहेर आल्यावर आमचे मोतद्दार मामा एवढंच म्हणाले, "ताई, त्यानं अजून बघितलंच न्हाई काय हाय ते. बघू तरी द्यायचं त्येला." पुढचे दोन महिने तो घोडा कुठल्याही रिंगणात त्या टोकाला गेला की अंग आखडायचा. छत्री नसली तरी, पंच नसले तरी. त्या टोकाला गेलं की मार बसतो, एवढा धडा त्यानं त्या पाच मिनिटांत पक्का केला होता.

शिकाऊ घोडा स्पर्धेच्या दिवशीही शिकतच असतो, आणि तिथं शिकलेलं लवकर पुसलं जात नाही. खालच्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत, काही डोळ्यांसमोर घडताना पाहिल्या आहेत.

जोड न बघता उतरवणं

खासबागच्या मैदानात कुस्ती लावताना जोड बघतात. नवख्या पोराला पहिल्याच मैदानात नावाजलेल्या मल्लापुढं उभं करणारा वस्ताद आपल्याकडं सापडायचा नाही. घोड्याच्या बाबतीत मात्र हेच भान सुटतं. घरी १ मीटर उडी मारतो, म्हणून १ मीटरच्याच क्लासमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या त्या उंचीच्या गटात, नाव दिलं जातं. घरच्या मैदानावर त्याला प्रत्येक पोल (उडीचा आडवा दांडा) ओळखीचा असतो. परक्या ठिकाणी त्याचं निम्मं लक्ष झेंड्यांकडं, लाउडस्पीकरकडं, शेजारच्या घोड्यांकडं असतं. म्हणून घरी जे अगदी सहज जमतं, त्याहून २०-३० सेंटिमीटर खालचा क्लास घ्या. ड्रेसाजमध्येही तेच: जी टेस्ट घरी कंटाळवाणी वाटू लागली आहे, ती स्पर्धेसाठी योग्य.

वयाचाही विचार हवा. घोड्याची हाडं पायाकडून वर पक्की होत जातात आणि पाठीच्या मणक्यांचं काम सगळ्यात शेवटी, साडेपाच-सहा वर्षांच्या आसपास पूर्ण होतं. चार वर्षांचा घोडा उंचीनं भरलेला दिसतो, पण ज्या पाठीवर आपण बसतो ती अजून कच्ची असते. आंतरराष्ट्रीय पातळीवर पाच, सहा आणि सात वर्षांच्या घोड्यांसाठी वेगळे गट ठेवतात ते उगीच नाही. एका दिवसात तीन क्लास लावणं तर मला अजिबात पटत नाही. दोन चांगले झाल्यावर तिसऱ्यात दमलेला घोडा अडतो आणि घरी येताना तेच लक्षात ठेवून येतो.

पहिला प्रवास थेट स्पर्धेचाच

कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं आहे. ज्या घोड्यानं आयुष्यात कधी ट्रक पाहिला नाही, त्याला पहाटे अंधारात चार माणसांनी ढकलून आत घालायचं आणि दुपारी टेस्ट द्यायची, हा त्याच्यावर अन्याय आहे. महिनाभर आधीपासून ट्रक पागेजवळ उभा करून त्यात चंदी, म्हणजे त्याचा दाणा, खाऊ घाला. मग गाडी नुसती सुरू करा, मग कागलपर्यंत जाऊन परत या. वाटेत तीन-चार तासांनी थांबा आणि घोड्याला मान खाली घेऊ द्या. डोकं उंच बांधून लांबचा प्रवास केला की नाका-घशातली घाण फुप्फुसाकडं उतरते आणि पोहोचल्यावर खोकला, ताप सुरू होतो.

पाण्याची एक युक्ती सांगते. परक्या गावचं पाणी बरेच घोडे तोंडाला लावत नाहीत. आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात चिमूटभर गूळ विरघळवून द्या आणि तोच गूळ सोबत न्या, म्हणजे चव ओळखीची राहते. गुळाची आपल्याला काय कमी.

सरावासाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या, त्यावरची मोठ्यानं लावलेली गाणी, फडफडणारी ताडपत्री हे सगळं रस्त्यावरच भेटतं. फक्त अंतर राखा. हलगी पहिल्या दिवशी शंभर पावलांवरून ऐकू द्या. कान फिरवून, मान सैल सोडून तो पुन्हा चरायला लागला की मगच जवळ जा. गुलालाच्या गर्दीत नेऊन 'होईल सवय' म्हणणाऱ्यांचे घोडे मी पाहिले आहेत. त्यांना झाली ती गर्दीची धास्ती.

वॉर्मअपमध्येच घोडा संपवणं

चाळीस मिनिटं दुडकी, मग लंजवर (लांब दोरीवर) गरागरा वर्तुळं, मग वीस उड्या. रिंगणात जाईपर्यंत घोड्यात काही उरत नाही आणि दमलेला घोडा शांत झाला असं स्वाराला वाटतं. आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालवा, त्याला सगळं मैदान बघू द्या. मग थोडी दुडकी, थोडा कँटर (दुडकीहून वेगाची, झेपा टाकत जायची चाल), दोन्ही बाजूंनी. उड्या आठ-दहा पुरेत आणि सरावाचा पोल क्लासच्या उंचीच्या वर नेऊ नका. सरावाच्या उडीलाही लाल झेंडा उजव्या हाताला आणि पांढरा डाव्या हाताला राहिला पाहिजे.

वॉर्मअपमध्ये सोबतचा घोडा बाहेर गेला की पोरगं खिंकाळतं, मागं ओढ घेतं. हे घरीच सोडवायचं: दोघांना फिरायला न्या आणि रोज एकदा वेगवेगळ्या वाटांनी परत आणा.

ड्रेसाजमध्ये मान ओढणं

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून माझ्याकडं येणारी मुलं ड्रेसाजबद्दल आवर्जून विचारतात. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण टीव्हीवर त्या घोड्यांची कमानदार मान बघून ती घरी येतात आणि लगाम ओढून तीच कमान करायला जातात. ती मान मागच्या पायांतून, वर्षानुवर्षांच्या कामातून वर आलेली असते. शिकवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी एकसारखी लय, मग अंगाचा सैलपणा, मग लगामाशी स्थिर संपर्क, त्यानंतर मागून येणारा जोर, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी अंग गोळा करणं. शिकाऊ घोड्याकडून स्पर्धेत पहिल्या तीन गोष्टी मिळाल्या तरी गुण चांगले पडतात. नाक छातीकडं ओढलेला, पाठ ताठ झालेला घोडा पंचांना लगेच ओळखू येतो.

शर्यतीतून आलेला थरोब्रेड असेल तर आणखी एक गोष्ट. त्यानं लगाम ताणला जाणं म्हणजे जोरात पळ, असंच शिकलेलं असतं. तुम्ही थांबवायला ओढता, तो पळायला जोर घेतो. त्याच्याशी घ्या-सोडा असं बोटांनी बोलावं लागतं आणि वेग बसण्यातून कमी करावा लागतो. काठियावाडी किंवा मारवाडी घोड्याची रेवाल चाल आपल्याकडं कौतुकाची. पाठीवरचं पाणी सांडत नाही म्हणतात. ड्रेसाजच्या दुडकीत मात्र पुढचा एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा एक असे पाय एकत्र पडायला हवेत, एका बाजूचे नव्हेत. अशा घोड्याला जमिनीवर ठेवलेल्या पोलांवरून संथपणे नेत दुडकी स्वच्छ करून घ्या, मगच नाव द्या.

रिंगणात बुजला तर काय? घंटा होण्याआधी बाहेरून फिरायला मिळतं, तो वेळ मुलं कडेला उभं राहून वाया घालवतात. पंचांच्या जागेवरून दोन्ही दिशांनी जा, म्हणजे घोडा ती छत्री दोन्ही डोळ्यांनी बघेल. डाव्या डोळ्यानं पाहिलेली वस्तू उजव्या डोळ्याला पुन्हा नवीन वाटू शकते. आत गेल्यावर बुजलाच, तर त्याचं नाक त्या वस्तूकडं वळवू नका. मान हलकीच आतल्या बाजूला घ्या, आतला पाय लावा आणि लय मोडू न देता पुढं चला. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण असतात. बुजल्यानं एका हालचालीचे गुण जातात. भांडत बसलात तर पुढच्या तीन हालचालींचे जातात.

कँटर चुकीच्या पायानं, म्हणजे वळणाच्या आतल्याऐवजी बाहेरचा पाय पुढं टाकत, सुरू झाला तर झटका देऊन थांबवू नका. दुडकीत आणा, दोन-चार पावलं सावरू द्या, कोपऱ्यात पुन्हा मागा. बहुतेक वेळा स्वार आत झुकलेला असतो आणि घोड्याचा बाहेरचा खांदा निसटलेला असतो.

घरी 'हो... हो... शाब्बास' करत चालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, टेस्टमध्ये आवाज देणं ही चूक धरली जाते. मानेवर थोपटायला कुणी अडवत नाही. म्हणून शेवटचे पंधरा दिवस तोंड बंद ठेवून बसायचा सराव करा. आणि अख्खी टेस्ट रोज काढू नका. घोडा पाठ करतो आणि मधल्या रेषेवर तुमच्याआधी थांबतो. तुकडे करून, क्रम उलटसुलट करून घ्या. नेमकेपणाचे गुण मात्र कच्च्या घोड्यालाही मिळतात: चाळीस मीटरच्या रिंगणात टोकाकडचं वीस मीटरचं वर्तुळ बरोबर मध्यबिंदूला भिडलं पाहिजे, अलीकडं नाही, पलीकडं नाही.

उडीआधीच्या शेवटच्या तीन टापा

शो जंपिंगमध्ये, म्हणजे उड्यांच्या स्पर्धेत, माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. घोड्याच्या कपाळासमोर अगदी जवळचा भाग त्याला दिसत नाही. उडीचा अंदाज घ्यायला त्याला डोकं थोडं वर-खाली करावं लागतं. नेमक्या त्याच वेळी घाबरलेला स्वार लगाम आवळतो आणि घोड्याची नजर काढून घेतो. शेवटच्या तीन टापांत हात स्थिर, मऊ, पाय चिकटलेले, नजर पुढच्या उडीवर.

कोर्स पायी फिरताना मोजणी करा. मोठ्या घोड्याची कँटरची एक झेप साधारण साडेतीन मीटरच्या थोडी वर असते, म्हणजे आपली चार मोठी पावलं. उतरायला दोन आणि उडायला दोन पावलं वेगळी धरायची. दोन उड्यांमध्ये १८ मीटर असतील तर चार झेपा होतात. शिकाऊ घोडा लहान उंचीवर आखूड झेपा टाकतो आणि पाचवी घेतो. घेऊ द्या. चार बसवायच्या हट्टानं त्याला ढकललं की तो लांबून उडतो, पोल लागतो, आणि पुढच्या वेळी बिचकतो.

अडला तर आधी कारण शोधा. पहिलीच उडी फाटकाकडं पाठ करून असेल, तर त्याला बाहेर जायची ओढ असते. तिथं दोन झेपा आधीपासून पाय लावा. उन्हातून झाडाच्या सावलीतली उडी असेल, तर उजेडातून अंधाराला डोळे सरावायला त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो; वेग कमी करून सरळ आणा. हिरव्या गवतावरचा लाल-नारिंगी पोल आपल्याला उठून दिसतो, पण घोड्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्याला पांढरा, पिवळा, गडद निळा रंग चटकन दिसतो, म्हणून असल्या रंगांच्या फिलरना (उडीखाली लावलेल्या फळ्यांना) तो बुजतो आणि त्याला फिका दिसणाऱ्या लाल-नारिंगी पोलाला लागतो. घरी जमिनीवरचा पोल उडीच्या पायथ्याशी किंवा किंचित पुढं ठेवा, मागं कधीच नको; त्याचा अंदाज त्यावर बेतलेला असतो.

पोल पडला की ४ फॉल्ट, पहिल्यांदा अडला तरी ४, आंतरराष्ट्रीय नियमांत दुसऱ्यांदा अडला की बाद. म्हणून पहिल्या अडण्यानंतर उभ्या जागेवरून पुन्हा ढकलू नका. लांब वळण घेऊन लय बसवून या. बाद झालात तर एक सोपी उडी मारून बाहेर येता येईल का, हे स्वारांच्या बैठकीतच विचारून ठेवा. स्वच्छ फेरी झाली आणि जंप-ऑफ, म्हणजे वेळेवर निकाल लागणारी निर्णायक फेरी, आला तर घड्याळाकडं बघू नका. पहिल्या फेरीचीच लय ठेवा. पहिल्या वर्षात मिळालेला चषक पागेत धूळ खातो. त्यासाठी आडवी-तिडवी वळणं घेऊन बिघडवलेला घोडा सरळ करायला वर्ष जातं.

नाठाळ म्हणण्याआधी तपासा

एकाच बाजूला अडणं, डोकं झटकणं, तंग आवळताना चावायला धावणं ही दुखण्याची भाषा असू शकते. साडेचार-पाच वर्षांपर्यंत घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के येत असतात, त्यामुळं बिट (लगामाची तोंडातली कडी) टोचतं. खोगीर सहा महिन्यांपूर्वी बसत होतं म्हणून आज बसेल असं नाही. वाढत्या घोड्याची पाठ बदलते. नालबंदाला स्पर्धेच्या आदल्या दिवशी बोलावू नका, आठवडाभर आधी बोलवा. कामाआधी पोट पूर्ण रिकामं ठेवायची जुनी पद्धतही सोडा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं. चार मुठी कोरडी वैरण आधी पोटात गेली की ते वर उसळून जखमा करत नाही.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी घोडा उभाच राहणार असेल, तर चंदी निम्मी करा आणि वैरण भरपूर द्या. काम बंद आणि दाणा पूर्ण असा दिवस गेला की पुढच्या कामाला मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू आखडून घोडा ताठ होतो, घामानं भिजतो, लघवी काळपट होते. अशा वेळी त्याला चालवायचं नाही, पशुवैद्य येईपर्यंत जागेवरच ठेवायचं. हातात धरून सावकाश फिरवणं हे निरोगी घोड्यासाठी. आणि प्रवासानंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. त्यावर गेला की पुढच्या स्पर्धेचं नाव काढायचं नाही, पशुवैद्यांना फोन करायचा.